कोणी कोणासाठी थांबावे?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर कामगार-संघटनेचा कार्यकर्ता उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा संपाचा इतिहास यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही मात्र आज यंत्राच्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण आपल्यापुढे मांडणार आहोत. लॅपटॉप सुरू केल्यावर तो कामाला लागण्यापूर्वी कोणाची तरी वाट पाहत बसतो. ती वाट कोणाची, ती पाहण्याची चाल कोठून आली आणि ती मोडावी कशी, एवढाच आमचा विषय आहे. आमचे शिक्षण शाळेच्या दारापाशीच थांबले. पुढचे जे काही मिळविले ते वाचनालयांतून, कामगारांच्या पोरांकडून आणि स्वतःच्या फजितीतून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. परंतु ज्याने आयुष्यभर फाटकाबाहेर, कचेरीबाहेर आणि कोर्टाबाहेर वाट पाहिली, त्याला वाट पाहण्याविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार असावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम फजितीची हकीकत सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा आमच्या संघटनेच्या कार्यालयात पाणी शिरले. कपाटांतील कागद भिजून त्यांचा लगदा झाला आणि ज्या मोठ्या संगणकात आम्ही सर्व नोंदी ठेवीत असू, तोही पाण्याखाली गेला. सुदैवाने हजेरीपटांच्या आणि पगारपत्रकांच्या प्रती एका जुन्या लॅपटॉपवर उतरवून ठेवलेल्या होत्या. हा लॅपटॉप कोणीतरी वापरून टाकून दिलेला. त्यावर विंडोज चालेना, म्हणून एका सभासदाच्या मुलाने त्यावर लिनक्स घालून दिले होते. पैसा पडला नाही आणि काम चालू राहिले.

दोन वर्षांनी एका ओतकाम कारखान्यातील कामगाराच्या ग्रॅच्युइटीची सुनावणी निघाली. तेवीस वर्षांची नोकरी. भट्टीपुढे उभे राहून त्याच्या डोळ्यांची पार राख झाली होती. मालकाचे म्हणणे असे, की मधली चार वर्षे हा कामावर नव्हताच. तो होता, याचा पुरावा आमच्या लॅपटॉपमध्ये होता. आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला आणि आम्ही लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक चाक फिरू लागले, आणि ते फिरतच राहिले. एक मिनिट गेले, दुसरे गेले. आमचा धीर सुटला. बटण दाबून धरून आम्ही यंत्र बंद केले व पुन्हा सुरू केले, म्हणजे ज्या वाटेवर ते जवळजवळ शेवटास पोचले होते, ती वाट त्याला पुन्हा पहिल्यापासून चालावयास लावली! त्या दिवशी बोर्डावर पुष्कळ प्रकरणे होती. पुढचा पुकारा झाला आणि आम्हांस पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. बाहेर आल्यावर तो कामगार एवढेच म्हणाला, "असू दे अण्णा, एवढी वर्षं थांबलो, आणखी पाच आठवडे." त्याने रागावून बोलला असता तर बरे झाले असते.

आता इतिहासाकडे वळू. यंत्र सुरू करणे हे सर्व काळांत एक शास्त्रच होते. आपल्या शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि त्या गावाचे भवितव्य बदलले. जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत छताखाली एक लांब लोखंडी दांडा फिरत असे. एका इंजिनाने तो दांडा फिरवायचा आणि त्याच्यावरून उतरलेल्या पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती द्यायची, अशी ती रचना. दांडा फिरू लागेपर्यंत एकही यंत्र हलत नसे, आणि दांडा थांबला की सारेच थांबे. पुढे प्रत्येक यंत्राला आपली स्वतंत्र विजेची मोटर आली आणि एकाच्या बिघाडाची शिक्षा दुसऱ्याने भोगण्याचे कारण उरले नाही. आमच्या कोल्हापुरात शाहू छत्रपती मिलची स्थापना १९०६ सालची. तिच्या भोंग्यावर निम्म्या गावाची सकाळ ठरत असे. भोंगा झाला की सगळ्यांनी एकदम हजर व्हायचे. गिरणी आता बंद पडली आहे, परंतु भोंग्याच्या वेळेला उठण्याची सवय ज्यांच्या हाडांत भिनली, अशी म्हातारी माणसे आम्ही पाहिली आहेत. कारण सरले तरी सवय उरते. हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सगळा इतिहास त्याचाच आहे.

संगणकाच्या जगात सुरू होण्याला 'बूट' म्हणतात. बुटाला मागे जो पट्टा असतो, तो धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीतून हा शब्द आला. अडचण खरीच तशी आहे. संगणकाला काम सांगणारा कार्यक्रम हवा, पण तो कार्यक्रम आत आणावयासही कार्यक्रमच हवा! म्हणून यंत्रात कायमचा कोरलेला एक लहान कार्यक्रम प्रथम जागा होतो. तो आपल्याहून थोड्या मोठ्याला उठवतो, तो त्याहून मोठ्याला, आणि अखेरीस व्यवस्थेचा मुख्य गाभा जागा होतो. हा गाभा मग पहिल्या नोकराला कामावर घेतो. त्याचा हजेरी क्रमांक एक. बाकीच्या सर्वांना कामावर बोलावणे हे त्या एक नंबरच्या नोकराचे काम. थोडक्यात, तो मुकादम होय.

हा मुकादम युनिक्सच्या घरचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सोबती यांनी १९६९ पासून युनिक्स घडविले. त्यांच्या मुकादमाचे नाव 'इनिट'. त्याच्या हाती कामांची एक साधी यादी असे. १९८३ साली 'सिस्टिम फाइव्ह' नावाची आवृत्ती बाजारात आली आणि तिच्यातील पद्धत अशी रूढ झाली, की प्रत्येक कामाला क्रमांक द्यायचा आणि क्रमांकाप्रमाणे एकामागून एक काम उरकायचे. दहा नंबरचे संपल्याशिवाय वीस नंबरचे सुरू नाही. फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली पुकारलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून तयार झालेली हत्यारे त्याला येऊन मिळाली, आणि या लिनक्सच्या बहुतेक घरांनीही रांगेची तीच पद्धत स्वीकारली. रांग शिस्तीची असते, यात शंका नाही. परंतु रेशनच्या रांगेत पुढच्या माणसाची पिशवी फाटली तर मागचे पन्नास जण उन्हात उभे राहतात, हे आपणांस सांगावयास नको.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या जाळ्याने आजच्या इंटरनेटची बोली पत्करली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने त्या दशकाच्या मध्यास अशी युक्ती काढली, की दूरच्या संगणकातील कपाट आपल्याच संगणकाचे आहे अशा रीतीने उघडता यावे. जाळे हाच संगणक, असे त्या कंपनीचे घोषवाक्यच होते. विद्यापीठांतून आणि प्रयोगशाळांतून कामाची टेबले रिकामी ठेवून सारे सामान मधल्या मोठ्या यंत्रात ठेवण्याची रीत पडली. आता कपाटच जर दुसऱ्या खोलीत असेल, तर त्या खोलीचे दार उघडेपर्यंत थांबणे भाग आहे. तेव्हाची वाट पाहणे योग्यच होते. यंत्र जागचे हलत नव्हते, त्याची तार भिंतीत पक्की होती आणि मधले मोठे यंत्र रात्रंदिवस चालू असे. मात्र त्यातील धोका शहाण्यांच्या ध्यानात आला होता. लेस्ली लॅम्पोर्ट या गणितज्ञाने १९८७ साली थट्टेने अशी व्याख्या केली, की जो संगणक जगात आहे हे तुम्हांस ठाऊकही नाही, तो बंद पडल्यामुळे तुमचा संगणक निकामी होतो, तेव्हा तुम्ही वाटून चालणाऱ्या व्यवस्थेत राहत आहात असे समजावे. आम्हां कामगारांना ही थट्टा ताबडतोब कळते. कुठल्याशा दूरच्या शहरात बाजार पडतो आणि शिरोलीच्या भट्टीतील माणूस घरी बसतो, त्यातलाच हा प्रकार.

मग आला लॅपटॉप. तो घरी, कचेरीत, गाडीत, कोठेही उघडतो. कधी त्याला तार आहे, कधी नाही, कधी खिशातल्या मोबाइलचे जाळे तेवढे आहे. अशा भटक्या यंत्रासाठी रेड हॅट कंपनीत २००४ साली 'नेटवर्कमॅनेजर' नावाचा कार्यक्रम तयार झाला. जेथे जाऊ तेथील जाळे शोधून त्यात यंत्राला जोडून द्यावे, हे त्याचे काम. हे जोडणे म्हणजे काय, ते थोडे पाहू. यंत्र जाळ्यात शिरताना आरोळी ठोकते, "मला पत्ता द्या!" जाळ्यातील एक कारकून त्याला मोकळा पत्ता नेमून देतो. ही रीत १९९३ साली ठरली व तिला डीएचसीपी म्हणतात. कारकून जागेवर असेल तर क्षणात काम होते. परंतु भिंतीवरच्या जोडपेटीचा दिवा लागलेला आहे आणि तिच्यापलीकडची ब्रॉडबँडची पेटी बंद आहे, असे झाले म्हणजे तार जिवंत दिसते आणि उत्तर कोणी देत नाही. नेटवर्कमॅनेजर मग नेहमीच्या ठरवणीप्रमाणे पाऊण मिनिट आरोळ्या देत राहतो. कचेरीला टाळे आहे, पण बाहेरचा पंखा फिरतो आहे म्हणून माणसे रांग लावतात, त्यातलीच ही गत.

या सुमारास रांगेच्या पद्धतीविरुद्ध असंतोष वाढला होता. उबुंटूने २००६ साली 'अपस्टार्ट' हा नवा मुकादम आणला. २००८ साली इंटेल कंपनीच्या दोन अभियंत्यांनी एका लहानशा स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स पाच सेकंदांत सुरू करून दाखविले. ज्याची कोणाला आत्ता गरज नाही त्यासाठी कोणाला थांबवायचे नाही, हे त्यांच्या यशाचे एक मुख्य कारण होते. आणि २०१० साली लेनार्ट पोटरिंग यांनी 'सिस्टिमडी' या मुकादमाची घोषणा केली. त्याची कल्पना अशी, की सर्वांना एकदम कामावर बोलवावे. ज्याला दुसऱ्याचे काम खरोखर लागते त्यानेच त्याच्यापुरते थांबावे आणि बाकीच्यांनी आपापले काम सुरू करावे. छताखालचा एक दांडा काढून प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर बसवावी, तसेच हे झाले. फेडोराने २०११ साली ही पद्धत घेतली.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती संघटनेच्या माणसाला विचार करावयास लावणारी आहे. डेबियन हा लिनक्सचा एक मोठा परिवार. १९९३ साली स्थापन झालेला, स्वयंसेवकांनी चालविलेला, स्वतःची लिखित घटना असलेला. नवा मुकादम घ्यावा की नाही, यावर तेथे महिनोन्‌महिने वाद झाला. विरोधकांचे म्हणणे असे, की एकाच कार्यक्रमाच्या हाती इतकी सत्ता देऊ नये. २०१४ च्या फेब्रुवारीत आठ जणांच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षाच्या निर्णायक मताने सिस्टिमडी स्वीकारली गेली. ज्यांना ते पटले नाही त्यांनी 'देवुआन' नावाची वेगळी चूल मांडली व २०१७ साली आपली पहिली पक्की आवृत्ती काढली. आम्ही तांत्रिक बाजूचा न्याय करू शकत नाही. परंतु यंत्रातील मुकादम कोण असावा याचा निर्णय त्या यंत्रावर काम करणारांनी मतदानाने घ्यावा आणि हरलेल्यांना आपले सामान घेऊन वेगळे होता यावे, हे कोणत्या गिरणीत घडले आहे? मुक्त सॉफ्टवेअरचे मोल फुकट मिळण्यात नाही, या हक्कात आहे.

असो. मुकादम नवा आला, तरी आमचा लॅपटॉप का थांबत होता? कारण सिस्टिमडीतही एक थांबा ठेवलेला आहे. 'जाळे चालू झाले' अशी वर्दी मिळाल्याशिवाय ज्यांचे पान हलत नाही, अशा कामांसाठी तो आहे. ही वर्दी येईपर्यंत दारात उभा राहणारा एक नोकर असतो. नेटवर्कमॅनेजरच्या घरात त्याचे नाव 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन'. तो दुसरे काही करीत नाही, केवळ वाट पाहतो. सामान्यतः साठ सेकंदांपर्यंत. सर्व्हरवर वापरतात त्या दुसऱ्या एका घराण्यात हीच मुदत १२० सेकंदांची आहे. गंमत अशी, की 'जाळे चालू झाले' म्हणजे नेमके काय झाले, हे कोणालाच निश्चित सांगता येत नाही. तार जोडली म्हणजे चालू? पत्ता मिळाला म्हणजे? की मुंबई-अमेरिकेपर्यंत हाक पोचली म्हणजे? सिस्टिमडीच्या कर्त्यांनीच आपल्या कागदपत्रांत ही कल्पना संदिग्ध असल्याचे मान्य केले आहे. कामे करणाऱ्या कार्यक्रमांनीच जाळे येते-जाते हे गृहीत धरून वागावे, असे त्यांचे सांगणे आहे. परंतु जुन्या काळच्या स्थिर यंत्रांसाठी लिहिलेली कामे शिल्लक आहेत, म्हणून हा थांबाही शिल्लक आहे. कारण सरले तरी सवय उरते, असे जे म्हटले ते हेच.

आमच्या लॅपटॉपचे निदान केले ते आमच्या एका सभासदाच्या मुलीने. ती तेव्हा महाविद्यालयात शिकत होती. आम्ही तिला म्हटले, "यंत्र म्हातारं झालंय पोरी, आता टाकूनच द्यायचं." तिने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाली, "काका, ह्याला काहीसुद्धा झालेलं नाही. हे नुसतं वाट बघत बसलंय. कुणाची ते ह्यालाच विचारू या."

आणि खरोखर त्यालाच विचारता येते! 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ' ही आज्ञा सुरू होण्यास एकंदर किती वेळ लागला ते सांगते. तिच्यापुढे 'ब्लेम' हा शब्द जोडला, की कोणत्या नोकराने किती वेळ घेतला याची यादी, सर्वांत सावकाश तो सर्वांत वर, अशी येते. मात्र नुसत्या यादीवर विसंबून शिक्षा करू नये, कारण पुष्कळ वेळ घेणारा सर्वांना अडवतोच असे नाही. म्हणून 'क्रिटिकल-चेन' असे विचारावे. मग कोण कोणासाठी थांबला, ती साखळी कडीकडीने समोर येते. यादीत वरच तो वाट पाहणारा नोकर होता. पण तो वाट पाहत होता ते कोणाच्या सांगण्यावरून? यंत्राची रोजनिशी उघडली, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले.

महापुराच्या आधी कार्यालयातील मोठ्या संगणकाचे कपाट या लॅपटॉपवरून उघडता यावे, म्हणून 'एफएसटॅब' नावाच्या नोंदवहीत एक ओळ लिहून ठेवलेली होती. मोठा संगणक पुरात बुडाला, भंगारात गेला. ती ओळ मात्र कोणी खोडली नाही. म्हणून हा लॅपटॉप रोज सकाळी उठून प्रथम जाळे मिळवी आणि मग त्या बुडालेल्या संगणकाच्या पत्त्यावर हाक मारी. सुनावणीच्या दिवशी आमच्या सहकाऱ्याच्या खिशातील मोबाइलचे जाळे त्याला सापडले. त्या वाटेनेही त्याने त्यालाच हाक मारली आणि दीड मिनिटाची मुदत संपेपर्यंत उत्तराची वाट पाहिली. दूरची कपाटे उघडल्याशिवाय माणसाला आत घ्यायचे नाही, अशी व्यवस्थेची साखळीच होती. पंचगंगेने नेलेल्या यंत्राची वाट दुसरे यंत्र दोन वर्षे इमानाने पाहत होते आणि आम्ही त्याला म्हातारे ठरवून मोकळे झालो होतो! मुलगी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. कामचुकार म्हणून ज्यांना काढून टाकले, त्यांतील किती जण असे दुसऱ्याच कोणाच्या चुकीमुळे खोळंबलेले होते, हा विचार मनात येऊन गेला.

उपाय साधा निघाला. प्रथम नोंदवहीची प्रत काढून ठेवली आणि मग ती मृत ओळ काढून टाकली. नंतर जाळ्याची वर्दी आणखी कोणास हवी आहे का, ते पाहिले. कोणासच नव्हती. तेव्हा 'सिस्टिमसीटीएल डिसेबल' या आज्ञेने त्या वाट पाहणाऱ्या नोकरास निरोप दिला. येथे पुष्कळांची समजूत अशी होते, की आता इंटरनेट बंद पडणार. तसे काही होत नाही. जाळे जोडणारा नेटवर्कमॅनेजर आपल्या जागी आहेच व आपले काम करतोच. फक्त त्याचे काम संपेपर्यंत बाकीच्यांनी हात बांधून उभे राहण्याचे कारण उरत नाही. पुन्हा सुरू केले, तेव्हा ते म्हातारे यंत्र पाऊण मिनिटाच्या आत कामाला लागले.

तरीही 'वाट पाहणे मुळातच वाईट' असे कोणी समजू नये. कोल्हापूरला मिरजेशी जोडणारी रेल्वे १८९१ साली सुरू झाली. एकेरी लोहमार्गावर पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सोडीत नाहीत, आणि सोडू नये. तेथे दोन मिनिटे वाचवणे म्हणजे माणसे मारणे होय. त्याचप्रमाणे ज्या संगणकाची कपाटे खरोखर दूर आहेत, किंवा जो इतरांना सेवा देण्यासाठीच उभा आहे, त्याने जाळ्यासाठी थांबणे योग्य ठरते. आमच्या वाचनालयातील दुसऱ्या संगणकाला दूरचे कपाट खरेच लागते. तेथे ओळ ठेवली, पण तिच्यात दोन शब्द घातले. 'नोफेल', म्हणजे न मिळाल्यास अडून बसू नये, आणि 'ऑटोमाउंट', म्हणजे कोणी प्रत्यक्ष उघडू जाईल तेव्हाच ते उघडावे. ज्याला हवे तोच, हवे तेव्हा, हवे तेवढेच थांबेल.

हाच धडा आपल्या जिल्ह्याने यापूर्वी मोठ्या प्रमाणावर गिरवलेला आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांनी मिळून तारांनी जोडलेल्या खेड्यांचा एक मोठा प्रयोग सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे त्यात होती. गावोगाव संगणक ठेवून ते वारणानगरच्या साखर कारखान्याशी जोडायचे, म्हणजे शेतकऱ्याला तोडीची परवानगी, उसाचे वजन, खताची उचल, बिलाची रक्कम हे सारे गावातच कळेल. उसाच्या मळ्यांत संगणक आला म्हणून त्या प्रयोगाची कीर्ती दूरवर गेली, आणि ती रास्तच होती. परंतु गावचा संगणक म्हणजे वीज हवी, दुरुस्ती हवी, कारखान्याशी जोडणी हवी आणि शेतकऱ्याने रान सोडून खोलीपर्यंत चालत यावयास हवे. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने सात गावांत आठ महिने प्रयोग केला व २००७ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यात गावच्या संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून संदेश पाठवून तीच माहिती दिली गेली. ते स्वस्त पडले, सोयीचे ठरले आणि शेतकऱ्यांनाही जास्त पसंत पडले.

असे का झाले असावे? आमच्या मते त्याचे कारण वाट पाहण्याच्या वाटणीत आहे. मोबाइलच्या संदेशाला पलीकडचा फोन बंद सापडला, तर मधले केंद्र तो संदेश आपल्यापाशी ठेवून घेते आणि फोन चालू झाल्यावर पोचते करते. वाट पाहिली जातेच, पण ती यंत्र पाहते. शेतकरी बांधावर आपले काम करीत राहतो. गावच्या खोलीत मात्र वाट माणसाला पाहावी लागे. सुधारणा म्हणजे केवळ वेग वाढणे नव्हे. वाट पाहण्याचे ओझे माणसाच्या खांद्यावरून काढून यंत्राच्या खांद्यावर ठेवणे, ही खरी सुधारणा.

आमच्या पन्नाशी ओलांडलेल्या आयुष्यात एक गोष्ट आम्ही सतत पाहिली. खोळंबा कोठेही होवो, त्याची किंमत नेहमी रांगेच्या शेवटी उभा असलेला माणूस भरतो. साहेबाची फाइल अडली तर त्याचा चहा होतो, कामगाराची फाइल अडली तर त्याचा रोज बुडतो. लॅपटॉपने घेतलेल्या पाच मिनिटांचे आमच्या माणसाला पाच आठवडे मोजावे लागले. पुढच्या तारखेला यंत्र वेळेवर उघडले, हजेरीपट दाखवले गेले आणि तेवीस वर्षे तेवीसच धरली गेली. पण त्या पाच आठवड्यांचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात आला नाही.

तेव्हा घरी गेल्यावर आपला लॅपटॉप रेंगाळत असेल, तर त्याला भंगारात घालण्यापूर्वी एवढे विचारा, की बाबा, तू कोणाची वाट पाहतो आहेस? ज्याची पाहतो तो जिवंत आहे का? आणि त्याच्याशिवाय तुझे काम खरोखर अडते का? हेच तीन प्रश्न आम्ही पुढे संघटनेच्या कारभारालाही लावून पाहिले. दोन सह्यांची एक जुनी अट होती. त्यांतील एका सहीचा गृहस्थ निवृत्त होऊन कधीच गावी गेला होता, आणि सभासदांचे अर्ज त्याच्यासाठी पंधरा-पंधरा दिवस पडून राहत होते. ती ओळही आम्ही खोडली.